तो आलेख तुमच्या पीसीचा नाही: बजेट अपग्रेडच्या सल्ल्याची चिकित्सा

नेट-सेटच्या पहिल्या पेपरात ‘रिसर्च ॲप्टिट्यूड’ नावाचं युनिट असतं. चलं, नियंत्रण, वैधता, नमुना हे शब्द आपण त्यासाठी पाठ करतो, चार पर्यायांतला एक निवडतो आणि परीक्षा झाली की विसरून जातो. आज हेच शब्द एका वेगळ्या ठिकाणी लावून बघू या. जुना गेमिंग पीसी कमी पैशांत अपग्रेड कसा करावा, याबद्दल जो ढीगभर सल्ला मिळतो, तो आपण एखादं संशोधन असल्यासारखा तपासू.

विषय हलका वाटेल, पण पैशाचा हिशोब करा. जेआरएफ मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये आणि घरभाडं. ती न मिळालेल्यांची संख्या कितीतरी मोठी. त्यातून वर्षभर साठवलेले पंधरा-वीस हजार लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन एका क्लिकवर जातात. शिवाय आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे एकच मशीन असतं. रात्री त्यावर गेम आणि दिवसा पायथन, मॅटलॅब, सिम्युलेशन. पुरावा चुकीचा वाचला तर किती नुकसान होतं, ते इथे रुपयांत मोजता येतं. शोधनिबंध वाचताना इतकी रोख शिक्षा सहसा होत नाही.

एक ठरावीक मशीन समोर ठेवू. २०१७ च्या सुमारास असेंबल केलेला पीसी: रायझन ५ १६०० प्रोसेसर, बी३५० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क आणि ४५० वॉटचा एसएमपीएस. आपल्याकडे असे पीसी भरपूर आहेत. प्रश्न असा: यात काय बदलायचं?

पहिला पुरावा: रिव्ह्यूतला आलेख

नवीन ग्राफिक्स कार्ड आलं की रिव्ह्यू येतात. दहा-बारा कार्डं, दहा-बारा गेम आणि प्रत्येक कार्डासमोर सरासरी एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती चित्रं पडद्यावर आली त्याचा आकडा. सगळी कार्डं एकाच मशीनवर तपासलेली असतात आणि त्या मशीनमध्ये बाजारातला सर्वांत वेगवान प्रोसेसर असतो.

ही पद्धत चुकीची आहे का? अजिबात नाही. कार्डांची एकमेकांशी तुलना करायची असेल तर प्रोसेसर कुठेही आड येता कामा नये. बाकी सगळं स्थिर ठेवून एकच चल बदलायचं, हे आपण बारावीच्या प्रॅक्टिकलपासून शिकत आलोय. याला म्हणतात आंतरिक वैधता, आणि चांगल्या रिव्ह्यूंमध्ये ती भक्कम असते.

पण प्रश्न बदलला की उत्तराची लायकीही बदलते. रिव्ह्यूचा प्रश्न असतो, ‘कोणतं कार्ड जास्त वेगवान?’ तुमचा प्रश्न असतो, ‘माझ्या आठ वर्षं जुन्या मशीनमध्ये कोणतं कार्ड घातलं तर मला फरक पडेल?’ दुसऱ्या प्रश्नासाठी बाह्य वैधता लागते, म्हणजे प्रयोगशाळेतला निष्कर्ष तुमच्या घरी लागू पडायला हवा. आलेख तिचं आश्वासन देत नाही. आपणच ते गृहीत धरतो.

याचं ताजं उदाहरण इंटेलच्या आर्क बी५८० कार्डाचं. डिसेंबर २०२४ मध्ये ते २४९ डॉलर किमतीला आणि १२ जीबी मेमरीसह बाजारात आलं. रिव्ह्यू चांगले होते. बजेटमधल्या माणसासाठी शेवटी काहीतरी आलं, असा एकूण सूर होता. जानेवारी २०२५ मध्ये हार्डवेअर कॅनक्स आणि हार्डवेअर अनबॉक्स्ड या चॅनेलांनी तेच कार्ड जुन्या आणि मध्यम प्रोसेसरांवर लावून बघितलं. काही गेममध्ये ते आपल्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा खूप जास्त घसरलं. रायझन ५ ५६०० हा काही पुराणकाळातला प्रोसेसर नाही, २०२२ चा आहे, पण त्यावरही काही ठिकाणी डिसेंबरच्या आलेखातला क्रम उलटला. कारण ड्रायव्हरचा बोजा. कार्डाला काम सांगण्यासाठी प्रोसेसरला जी मेहनत करावी लागते, ती या कार्डाच्या बाबतीत जास्त होती. वेगवान प्रोसेसर ती मेहनत सहज पचवत होता, म्हणून डिसेंबरच्या मोजमापात ती दिसलीच नाही.

म्हणजे कार्डाचा परिणाम प्रोसेसरवर अवलंबून होता. संख्याशास्त्रात याला आंतरक्रिया म्हणतात, इंग्रजी पुस्तकांतलं इंटरॅक्शन. दोन घटकांत आंतरक्रिया असेल तर एक घटक एकाच पातळीवर गोठवून केलेला प्रयोग, कितीही काटेकोर असला, तरी दुसऱ्या पातळीबद्दल काही बोलू शकत नाही. त्यात गंमत अशी की स्वस्त कार्ड बहुतेक वेळा जुन्या मशीनवालाच घेतो. ज्या गटासाठी शिफारस होती, तो गटच नमुन्यात नव्हता.

आणि हा इशारा नवीन नव्हता. मार्च २०२१ मध्ये हार्डवेअर अनबॉक्स्डनेच दाखवलं होतं की कमकुवत प्रोसेसरवर एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचा बोजा रेडिऑनपेक्षा जास्त पडू शकतो. जानेवारी २०२२ मध्ये एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी आलं, त्यातही हाच धडा होता. या कार्डाला मदरबोर्डशी बोलायला फक्त ४ पीसीआय-एक्स्प्रेस मार्गिका आणि मेमरी ४ जीबी. चौथ्या पिढीच्या बोर्डवर त्या चार मार्गिकांतून सेकंदाला साधारण ८ जीबी माहिती जाते, तिसऱ्या पिढीच्या बोर्डवर साधारण ४. कार्डाची मेमरी भरली की माहिती याच अरुंद रस्त्याने सिस्टिम रॅममधून आणावी लागते. आपला बी३५० बोर्ड तिसऱ्या पिढीचा. म्हणजे नवीन बोर्डवर काढलेला आलेख आपल्यासाठी जवळपास दुसऱ्याच कार्डाचा आलेख होता.

श्रेयही द्यायला हवं. हे दोष शोधले ते रिव्ह्यू करणाऱ्यांनीच. डिजिटल फाउंड्रीसारखे लोक रायझन ५ ३६०० सारख्या सामान्य प्रोसेसरवर गेम तपासून दाखवत आले आहेत. टीका रिव्ह्यूवर कमी आणि रिव्ह्यूचं भाषांतर ‘हे घ्या’ असं करणाऱ्या खरेदी-याद्यांवर जास्त आहे. मूळ निबंध सावध असतो आणि त्याचा संदर्भ देणारा बेधडक असतो, हे तुम्ही लिटरेचर रिव्ह्यू करताना शंभरदा बघाल.

दुसरा पुरावा: सरासरी

एका सेकंदात ६० चित्रं आली. त्यातल्या ५९ चित्रांना प्रत्येकी १५ मिलिसेकंद लागले आणि एकाला ११५. बेरीज बरोबर १,००० मिलिसेकंद. सरासरी ६० एफपीएस, आलेखावर छान. खेळताना मात्र दर सेकंदाला एक झटका बसेल आणि तुम्ही वैतागून उठाल.

२०११ मध्ये द टेक रिपोर्टच्या स्कॉट वॉसन यांनी ‘एका सेकंदाच्या आत’ काय घडतं ते बघायला हवं, असा मुद्दा मांडला आणि प्रत्येक चित्राला लागलेला वेळ मोजून दाखवला. हार्डवेअरच्या समीक्षेत हा मोठा बदल होता. आज ‘१ टक्का लो’ हा आकडा सगळीकडे दिसतो, तो याच विचारातून आला.

पण तिथेही थांबून विचारा: १ टक्का लो म्हणजे नेमकं काय? काही साधनं सर्वांत संथ १ टक्का चित्रांची सरासरी देतात, काही त्या सीमेवरची एकच किंमत देतात. नाव एक, व्याख्या दोन. म्हणून दोन व्हिडिओंतले १ टक्का लो शेजारी ठेवून तुलना करणं धोक्याचं. तुमच्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात मार्गदर्शक ‘कार्यात्मक व्याख्या लिहा’ म्हणून मागे लागतात ना, ते यासाठीच.

आपल्या मशीनला याचा थेट उपयोग आहे. रॅमची एकच पट्टी असली की मेमरीचा एकच चॅनेल चालतो. डीडीआर४-२४०० ला एका चॅनेलमध्ये सेकंदाला १९.२ जीबी, दोन पट्ट्या लावल्या की ३८.४. ८ जीबी अपुरी पडली की विंडोज हार्ड डिस्ककडे धावतं, आणि ७,२०० आरपीएमच्या डिस्कला चकती योग्य जागी फिरून यायलाच सरासरी ४ मिलिसेकंद लागतात, डोकं हलवायचा वेळ वेगळा. एका चित्राचं अख्खं बजेट १६.७ मिलिसेकंदांचं. म्हणजे रॅम आणि एसएसडी यांनी सरासरी फारशी हलली नाही तरी झटके कमी होऊ शकतात. सरासरीचाच आलेख बघणारा म्हणेल, ‘एसएसडीने एफपीएस वाढत नाही’. वाक्य बऱ्यापैकी खरं आहे, पण त्यावरून घेतलेला निर्णय चुकू शकतो.

तिसरा पुरावा: ‘बॉटलनेक’चा टक्का

काही ठिकाणी प्रोसेसर आणि कार्डाचं नाव टाकलं की उत्तर येतं: ‘तुमच्या पीसीत १४.३ टक्के बॉटलनेक आहे.’ दशांश चिन्हामुळे ते एकदम शास्त्रीय वाटतं.

त्याला साधे प्रश्न विचारा. कोणत्या गेममध्ये? कोणत्या रिझोल्यूशनला? कोणत्या सेटिंगवर? टक्के कशाचे? कोणतं निरीक्षण आलं तर हा आकडा खोटा ठरेल? बहुतेकांची उत्तरं नसतात. एकच मशीन स्ट्रॅटेजी गेममध्ये प्रोसेसरपाशी अडतं आणि सुंदर जंगल दाखवणाऱ्या गेममध्ये कार्डापाशी. अडथळा हा सुट्या भागाचा कायमचा गुण नाही, तो त्या कामाच्या संदर्भातच असतो. ज्या आकड्याला व्याख्या नाही, एकक नाही आणि खोटं ठरण्याची सोय नाही, त्याला मोजमाप म्हणता येत नाही.

याच्याच शेजारी ठेवा ते तुलनेचे व्हिडिओ, ज्यांत दोन खिडक्यांत गेम चालतो आणि कोपऱ्यात आकडे पळतात. कार्ड कधी दिसत नाही. मशीनचा तपशील, ड्रायव्हरची आवृत्ती, गेमचा प्रसंग, काहीच दिलेलं नसतं. ते आकडे मोजलेले आहेत की टाइप केलेले, हे ठरवायला आपल्याकडे मार्गच नाही. पद्धत न सांगणारा निबंध तुम्ही संदर्भ म्हणून घ्याल का?

चौथा पुरावा: ‘एका फ्रेमला किती रुपये’

हा आकडा सगळ्यात फसवा, कारण तो काटकसरीच्या भाषेत बोलतो. कार्डाची किंमत भागिले सरासरी एफपीएस. कल्पित आकडे घेऊन करून बघू.

कार्ड ‘अ’ १८,००० रुपयांचं, रिव्ह्यूत ९० एफपीएस. कार्ड ‘ब’ २६,००० रुपयांचं, रिव्ह्यूत १३०. दोन्हींचा भाव एका फ्रेमला २०० रुपये. मग थोडे उसने घेऊन मोठंच घ्यावं, नाही का?

आता तुमचं मशीन. समजा, जुन्या कार्डावर आत्ता ५५ एफपीएस मिळतात आणि तुमचा प्रोसेसर त्या गेममध्ये ७५ च्या पुढे जाऊ शकत नाही. ढोबळ नियम असा की प्रोसेसरची मर्यादा आणि कार्डाची मर्यादा यांतली जी लहान, तेवढेच एफपीएस मिळतात. ‘अ’ लावलं तर ७५. ‘ब’ लावलं तरी ७५. वाढ दोन्हीकडे २०. म्हणजे एका वाढीव फ्रेमला ‘अ’चे ९०० रुपये आणि ‘ब’चे १,३००. त्याऐवजी ९,००० चा प्रोसेसर घेऊन मर्यादा १२० वर नेली तर? जुनं कार्ड ५५ लाच अडलेलं, वाढ शून्य. आणि ‘अ’ अधिक प्रोसेसर, मिळून २७,००० खर्च, तर ९० एफपीएस, वाढ ३५, फ्रेमला सुमारे ७७१ रुपये.

एकट्याने निरुपयोगी ठरलेला भाग जोडीने घेतला तर एकूण सौदा स्वस्त पडतो. पुन्हा आंतरक्रियाच! आधीपासून मशीन असलेल्या माणसासाठी छेदात रिव्ह्यूचे एकूण एफपीएस चालत नाहीत, तिथे स्वतःच्या मशीनवरची वाढ लागते. आणि अंशात निव्वळ खर्च हवा: जुना भाग विकून आलेले पैसे वजा, नवा एसएमपीएस लागला तर तो अधिक. (एसएमपीएसवरचा ८० प्लसचा शिक्का फक्त कार्यक्षमतेबद्दल बोलतो. व्होल्टेज वरखाली झालं तर आतलं संरक्षण कसं आहे, हे त्यावरून कळत नाही.)

मग स्वतःचा प्रयोग कसा करायचा?

खरेदीआधी बेसलाइन. नेहमी खेळता तो गेम, एकच ठरावीक प्रसंग, किमान तीनदा. प्रेझेंटमॉन किंवा कॅपफ्रेमएक्ससारख्या फुकट साधनाने प्रत्येक चित्राचा वेळ नोंदवा. तीन वेळांत आपसात जो फरक पडतो, तो तुमचा नॉइज. पुढे मिळालेली सुधारणा त्याहून मोठी असेल तरच ती मोजायची.

मग एकच गोष्ट बदला: रिझोल्यूशन खूप खाली आणा. एफपीएस भराभर वाढले तर अडथळा कार्डापाशी होता. जागचे हलले नाहीत तर तो बहुधा प्रोसेसर किंवा रॅमपाशी आहे, आणि जो आकडा दिसतोय ती तुमची वरची मर्यादा. लक्षात ठेवा, यावेळी बाकी सेटिंग जशीच्या तशी ठेवायची. किती लांबचं दिसतं, गर्दी किती, यांसारख्या सेटिंग प्रोसेसरवरही भार टाकतात. त्या बदलल्या तर दोन चलं एकदम हलतात आणि निष्कर्ष हातचा जातो.

त्याआधी धूळ काढा, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदला, बायोसमध्ये रॅम आपल्या पूर्ण वेगाने चालते का ते बघा. रिव्ह्यूचं मशीन एसी खोलीत असतं. तुमचं मशीन मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला असेल तर खोलीचं तापमान हेच मोठं गोंधळ घालणारं चल आहे. तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि आपण नवीन घ्यायला निघतो.

अभ्यासाच्या कामालाही हेच तर्कशास्त्र लावा. सिम्युलेशन १० तास चालतं आणि त्यातला १ तास फाइल वाचण्यात जातो, असं समजा. जगातली सर्वांत वेगवान एसएसडी घेतली तरी ९ तास उरणारच. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या नियमाचं हे साधं रूप. कुठे वेळ जातो ते आधी मोजा, मग खर्च करा.

या मशीनपुरता निष्कर्ष

माझं मत स्पष्ट सांगते. पहिला खर्च दुसरी रॅम पट्टी आणि साधी साटा एसएसडी. रॅमचा भाव मात्र बघून घ्या, २०२५ च्या अखेरीपासून तो चढा आहे. गरज पडली तर जुन्या बाजारातली डीडीआर४ पट्टी चालेल.

दुसरा खर्च प्रोसेसर. एएम४ सॉकेटचं मोठं सुख म्हणजे २०१७ च्या बोर्डवर २०२२ चा रायझन ५ ५६०० बसू शकतो. एएमडीने २०२२ मध्ये ३०० मालिकेच्या बोर्डांनाही ही सोय खुली केली. तुमच्या बोर्ड-निर्मात्याने तशी बायोस दिली आहे का, ते आधी बघा आणि जुना प्रोसेसर काढण्यापूर्वी ती टाकून घ्या. वरच्या कल्पित हिशोबात एकट्या प्रोसेसरची वाढ शून्य होती, हे मी विसरलेले नाही. पण इथे एक कारण कोणत्याच एफपीएसच्या आलेखात येत नाही: काळ. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि रायझन ५ १६०० विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. ५६०० आहे.

तिसरा खर्च कार्ड, आणि तो सगळ्यात शेवटी, कारण आधीचे दोन बदल झाल्यावर तुमची बेसलाइन बदललेली असेल. पुन्हा मोजा, मग ठरवा. इथेही काळ बघायचा. जीटीएक्स १०६० च्या पास्कल पिढीला ऑक्टोबर २०२५ नंतर नवीन गेमसाठीचे ड्रायव्हर बंद झाले, सुरक्षेपुरते येत राहतील. क्युडा १३ मधूनही ही पिढी वगळली आहे. तेव्हा डीप लर्निंगचं काम असणाऱ्यांनी तिसरा खर्च दुसऱ्याच्या आधी केला, तर मी वाद घालणार नाही. त्यांचा प्रश्नच वेगळा आहे.

आणि बेसलाइन मोजल्यावर ‘मला चालतंय की हे’ असं वाटलं, तर पैसे बँकेत राहू द्या. शून्य हस्तक्षेप हाही प्रयोगातला एक गट असतो, आणि खरेदी-याद्यांमध्ये तो कधीच नसतो.

या आठवड्याचा अभ्यास: तुमच्या आवडीचा कोणताही एक हार्डवेअर रिव्ह्यू घ्या. त्यात स्वतंत्र चल कोणतं, स्थिर काय ठेवलंय, मोजमापाची व्याख्या दिली आहे का आणि निष्कर्ष कोणत्या मशीनपर्यंत लागू होतो, हे चार ओळींत लिहा. चौथी ओळ लिहिताना सर्वांत जास्त वेळ लागेल. तो लागू द्या.